फोन मुका झाला की: वस्तीसाठी हॅम रेडिओची तयारी

हँडी, म्हणजे हातात मावणारा बिनतारी संच, विकत आणायची, एकदा चार्ज करायची, कपाटात ठेवायची आणि आणीबाणीची सोय झाली म्हणून निवांत व्हायचं, हा प्रकार मी बऱ्याचदा पाहिलाय. पुराच्या रात्री ती हँडी बाहेर निघते तेव्हा बॅटरी बसलेली असते, कुठल्या चॅनेलवर कोण भेटणार ते आठवत नसतं आणि हातात माइक आल्यावर काय बोलायचं ते सुचत नसतं. संच हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. एका ठिकाणच्या कागदावरचा मजकूर दुसऱ्या ठिकाणच्या कागदावर जसाच्या तसा उतरवणं हे खरं अवघड काम. या लेखाचा रोख त्यावरच आहे. अँटेना, बॅटरी वगैरे वाटेत येतीलच.

आधी हे कशासाठी, ते थोडक्यात. मोबाइल टॉवरला वीज लागते आणि वीज गेली की तो बॅटरीवर काही तासच तगतो. टॉवर उभा असला तरी त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल तुटते. हे दोन्ही शाबूत राहिलं तर सगळे एकाच वेळी फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही. हॅम रेडिओत, म्हणजे हौशी माणसं परवाना घेऊन चालवतात त्या बिनतारी संचांत, तुमचा संच आणि माझा संच यांच्या मध्ये कुठलीच यंत्रणा लागत नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचा हॅम गट पोर्ट ब्लेअरमध्ये होता. ते आले होते दूरदूरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधण्याच्या छंदापायी. संच आणि अँटेना तयार होत्या, म्हणून त्याच दिवशी निरोपांचं काम सुरू झालं. २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिकोची वीज आणि फोन दोन्ही घालवले, तेव्हा अमेरिकी रेड क्रॉसच्या मदतीला २२ हॅम स्वयंसेवक गेले. त्यांच्या कामातला मोठा वाटा "मी सुखरूप आहे" हे निरोप बाहेर पोचवण्याचा होता.

१. परवाना, आणि त्याआधी कान

हॅम संचावर बोलायला परवाना लागतो. देशाचं दूरसंचार खातं परीक्षा घेतं आणि कॉलसाईन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव, देतं. परीक्षेत थोडं विद्युतशास्त्र, थोडे नियम. मोर्स संकेत येण्याची अट आंतरराष्ट्रीय नियमांतून २००३ मध्ये निघाली, पण तुमच्या देशात काय आहे ते तपासा. त्याच वर्षी त्या नियमांत एक चांगली भर पडली: हौशी केंद्रांना आपत्तीच्या कामाची तयारी करू द्यावी, असं देशांना सुचवण्यात आलं. एरवी परदेशी केंद्राकडे तिसऱ्याच माणसाचा निरोप पाठवण्यावर बंधनं असतात. आणीबाणीत आणि मदतकार्यात त्याला मुभा आहे. निरोप गुप्त करण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला मात्र मनाई. म्हणजे तुम्ही जे बोलाल ते सगळं गाव ऐकू शकतं, हे धरून चला.

ऐकायला बहुतेक देशांत फारशी आडकाठी नसते, तरी त्याचाही नियम पाहून घ्या. परीक्षेच्या तयारीचे दोन-तीन महिने रोज अर्धा तास ऐका. कोण कुणाला कसं हाक मारतं, मध्येच कसं बोलतात, "क्यूएसएल" म्हणजे "निरोप पोचला", "क्यूटीएच" म्हणजे ठिकाण, "क्यूआरएम" म्हणजे दुसऱ्या केंद्राचा अडथळा, हे पुस्तकापेक्षा कानाने लवकर येतं.

वस्तीतल्या प्रत्येकाने परवाना काढावा असा आग्रह धरू नका, धरलात तर योजना तिथेच अडेल. अनेक देशांत कमी ताकदीचे विनापरवाना वॉकीटॉकी मिळतात. गल्लीतल्या गल्लीत ते, आणि गल्लीबाहेर हॅम, अशी वाटणी छान चालते. दहा-बारा घरांमागे एक हॅम पुरतो.

२. संच कुठला, आणि तो किती लांब जाईल

स्थानिक कामासाठी २ मीटरचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा. त्यातला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा भाग जगभर हॅमसाठी आहे. त्याच्या जोडीला ७० सेंटिमीटरचा, म्हणजे ४३० मेगाहर्ट्झच्या पुढचा. दोन्ही बँडवर चालणारी ५ वॉटची हँडी हा सुरुवातीचा संच. निवारा, दवाखाना, नियंत्रण कक्ष अशा पक्क्या जागी गाडीत बसवतात तसला २५ ते ५० वॉटचा संच ठेवा.

"याची रेंज किती?" हा प्रश्न सगळे विचारतात आणि डब्यावर छापलेला आकडा खरा मानतात. या लहरी साधारण नजर पोचते तिथवर जातात, जराशा पुढे. हिशेब सोपा आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हातातल्या हँडीची उंची दीड मीटर, म्हणजे ५ किलोमीटर. समोरच्याचंही तितकंच, म्हणजे मोकळ्या सपाटीवर दोघांत १०. मध्ये इमारती आल्या की हे २-३ वर येतं. तोच अँटेना १० मीटरवर चढवला की एकट्या त्याचं क्षितिज १३ किलोमीटर होतं. वॉट वाढवून इतका फरक पडत नाही. ५ चे २० वॉट केले तर समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक घर चढतं. पैसे उरले असतील तर ते संचावर घालू नका, अँटेनावर घाला.

३. अँटेना घरीच बनवा

हँडीसोबत येणारा आखूड रबरी अँटेना सोयीचा आहे, चांगला नाही. पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन अँटेना तासाभरात बनतो. केबल जोडायचा चार भोकांचा चौकोनी एसओ-२३९ सॉकेट घ्या. मधल्या पिनला सरळ उभी तांब्याची किंवा पितळेची २-३ मिलिमीटर जाड सळई सोल्डर करा. चार कोपऱ्यांच्या भोकांत तशाच चार सळया स्क्रूने आवळा आणि छत्रीच्या काड्यांसारख्या ४५ अंशांत खाली वाकवा. त्या आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो, खाली वाकवल्या की ५० च्या जवळ येतो आणि केबलशी जुळतो.

लांबीचं सूत्र: ७१.५ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. १४५ साठी ४९ सेंटिमीटर. खालच्या सळया किंचित लांब, ५१-५२ च्या. उभी सळई मुद्दाम ५२ ची कापा आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा) लावून तीन-तीन मिलिमीटरने कमी करत या. सगळ्यात कमी आकडा हव्या त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली येत असेल तर सळई अजून लांब आहे. कापलेली सळई परत वाढत नाही, म्हणून घाई नको. १.५ च्या खाली आला की थांबा, १.१ साठी अर्धा दिवस घालवणारे लोक मला माहीत आहेत, मीही त्यातला होतो. याच अँटेनावर ४३५ ही बरा चालतो, कारण तिथे तीच सळई पाऊण तरंगलांबीची होते.

केबलकडे दुर्लक्ष होतं. आरजी-५८ ही बारीक कोॲक्स (अँटेनाची केबल) १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल खाते. १५ मीटर टाकलीत तर निम्मी ताकद वाटेतच गेली. लांब ओढायची असेल तर जाड आरजी-२१३ घ्या. बाहेरच्या जोडावर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा. पाणी शिरलेली कोॲक्स वरून नवी दिसते आणि आतून मेलेली असते.

अँटेना कोसळला तरी विजेच्या तारेला शिवणार नाही इतक्या लांब उभा करा. यात तडजोड नाही. वीज चमकू लागली की केबल संचातून काढून घराबाहेर ठेवा, आणि एक जादा अँटेना कायम आत, गुंडाळून. वादळात छतावरचा जाणार हे गृहीत धरा.

४. वीज: अंदाज नको, हिशेब करा

२५ वॉटचा संच ऐकताना अर्धा अँपिअर आणि बोलताना साडेपाच अँपिअर घेतो, असं धरू. नक्की आकडे तुमच्या संचाच्या पुस्तिकेत असतील. दिवसातला दहावा भाग बोलणं, बाकी ऐकणं. २४ तासांत ऐकण्याचे ११ आणि बोलण्याचे १३, मिळून २४ अँपिअर-तास. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे ती ५० ची लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेटची ३० ची पुरेल. तोच संच ५ वॉटवर ठेवला तर दिवसाचा खर्च १६-१७ वर येतो. म्हणून पहिला नियम: समोरच्याला नीट ऐकू जातंय तोवर ताकद कमी ठेवा.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, धन तारेवर. १०० वॉटचं सौर पॅनल स्वच्छ दिवशी हा खर्च साधारण भरून काढतं. वादळानंतर दिवस स्वच्छ असतोच असं नाही. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारे स्वस्तातले चार्ज कंट्रोलर शॉर्टवेव्हवर इतका खरखराट करतात की ऐकताना ते बंदच ठेवावे लागतात. हँडीसाठी सुट्ट्या पेन्सिल सेलवर चालणारा बॅटरीचा डबा मिळत असेल तर नक्की घ्या. चार्जिंगची सोय नसेल तिथे तोच कामी येतो.

५. चॅनेल ठरवा, मग पायी फिरा

रिपीटर हा उंचावर बसवलेला संच एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच दुसरीवर मोठ्याने सांगतो. २ मीटरवर या दोघींतलं अंतर बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असतं, आणि तो उघडायला ८८.५ हर्ट्झसारखा एक कानाला न जाणवणारा टोन लागू शकतो. रिपीटर आहे तोवर चैन आहे. पण त्यालाही वीज लागते, त्याचाही खांब पडतो. म्हणून योजना सिम्प्लेक्सवर, म्हणजे संच ते संच थेट, उभी करा. रिपीटर मिळाला तर फायदा. संचावर "रिव्हर्स" बटण असतं. ते दाबून रिपीटरची ऐकण्याची फ्रिक्वेन्सी ऐका. समोरचा तिथे थेट ऐकू आला तर तुम्हा दोघांना रिपीटरची गरजच नाही.

दोन सिम्प्लेक्स चॅनेल ठरवा: मुख्य आणि राखीव. सगळ्यांच्या संचात ती एकाच क्रमांकावर भरा, म्हणजे अंधारात "दोनवर या" म्हटलं की काम झालं. मग वस्तीचा नकाशा घ्या, एकाला पक्क्या जागी बसवा आणि दुसऱ्याने हँडी घेऊन पायी फिरावं. दर चौकात हाक मारायची आणि नकाशावर खूण करायची: स्पष्ट, खरखरीत, बंद. बंद पडलेल्या जागी दहा पावलं इकडेतिकडे सरकून पाहा. कधीकधी एका भिंतीचा कोपरा सोडला की आवाज येतो. या नकाशावरून कळतं की मधला निरोप्या कुठे उभा करायचा. आमच्या नकाशावर एक शाळेची गच्ची अशी निघाली की तिथून दोन्ही बाजू ऐकू येतात. ती शोधायला आम्हाला तीन रविवार लागले.

६. निरोप: इथे खरी कसोटी

निरोप आधी कागदावर लिहायचा, मग वाचायचा. मनाने बोलायचं नाही. छापील फॉर्मवर इतकंच हवं: क्रमांक, तातडी, पाठवणारं केंद्र, शब्दसंख्या, वेळ आणि तारीख, कुणाला, मजकूर, सही करणाऱ्याचा हुद्दा. तातडीचे चार दर्जे पुरतात: जिवावरचं, महत्त्वाचं, खुशालीचं, साधं. मजकूर पंचवीस शब्दांच्या आत. शब्दसंख्या का? ऐकणारा लिहून झाल्यावर शब्द मोजतो. तुम्ही १८ सांगितले आणि त्याच्याकडे १७ भरले, तर एक शब्द हवेत राहिलाय हे दोघांना लगेच कळतं.

तो हवेत राहिलेला शब्द मराठीत फार घातक असतो, आणि याविषयी कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. "पुलावरून गाडी जाऊ शकते" आणि "पुलावरून गाडी जाऊ शकत नाही" यांत फरक फक्त शेपटाचा. घाईत असलेला माणूस शेवटचा शब्द तोंडात असतानाच पीटीटीचं, म्हणजे बोलताना दाबून धरायचं, बटण सोडतो आणि नेमकं "नाही" कापलं जातं. एका सरावात आमच्याकडे असाच "औषध पाठवू नका" चा "औषध पाठवू" झाला, आणि ऐकणाऱ्याने ते "पाठवू का?" असं समजून "हो, पाठवा" म्हटलं. सराव होता म्हणून हसलो. तेव्हापासून नियम केला: नकार असेल तर वाक्यच बदला. हे पाहा:

"निवारा २ मध्ये ४० माणसं. पिण्याचं पाणी संध्याकाळपर्यंत पुरेल. इन्सुलिन हवं, ३ रुग्ण. रस्त्याने येऊ नये, पूल खचला." शब्द १८.

शेवटचं वाक्य असं करा: "रस्ता बंद, पूल खचला." शब्द १७, आणि शेपूट तुटलं तरी अर्थ उलटत नाही.

वाक्याचं डोकंही असंच कापलं जातं. बटण दाबल्यावर संचाला आणि रिपीटरला जागं व्हायला क्षणभर लागतो. दाबा, एक श्वास घ्या, बोला, थांबा, मग सोडा.

आकड्यांचा घोळ वेगळाच. खरखरीत सात, आठ आणि साठ एकच वाटतात. त्रेपन्न की त्रेसष्ट, एकोणतीस की एकोणचाळीस, हे समोरासमोरही दोनदा विचारावं लागतं. म्हणून आकडे सुटे: "चाळीस, आकडे चार शून्य." नावं आणि अनोळखी शब्द अक्षर-अक्षर सांगा. इंग्रजी अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही १९५६ पासून जगभर चालणारी यादी आहेच. मराठी अक्षरांना "कमळाचा क, खटाऱ्याचा ख" हे आपल्या बाराखडीच्या तक्त्यातलं बेस्ट. फक्त सगळ्यांनी तोच तक्ता वापरायचा, कारण "गणपतीचा ग" आणि "गवताचा ग" अशी दोन नावं आली की ऐकणारा गोंधळतो.

लिहून घेणाऱ्याचा वेग हाच बोलण्याचा वेग. चार-पाच शब्द बोला, थांबा, तो लिहीत असल्याची कल्पना करा. शेवटी त्याने पूर्ण मजकूर परत वाचून दाखवायचा, तुम्ही "बरोबर, सतरा" म्हणायचं, दोघांनी वेळ टिपायची. स्वतःच्या मनाने मजकूर सुधारायचा नाही, शुद्धलेखनही नाही. रुग्णांची आणि मृतांची नावं हवेत घ्यायची नाहीत. ऐकणाऱ्यांत त्यांचे घरचेही असू शकतात.

७. नेट चालवणं

एका चॅनेलवर जमलेल्या केंद्रांचं मिळून नेट होतं. दोघांपेक्षा जास्त केंद्रं झाली की एकाने सूत्रं हातात घ्यावी लागतात. तो नेट कंट्रोल. तो नेट उघडतो, जिवावरचं काही आहे का ते आधी विचारतो, मग एकेकाची हजेरी घेतो आणि कुणाकडे कुणासाठी निरोप आहे ते लिहितो. बाकीच्यांनी त्याने बोलावल्याशिवाय बोलायचं नाही. कॉलसाईन कायद्याप्रमाणे ठरावीक वेळाने सांगायचीच, पण हाका जागेच्या नावाने मारा: निवारा १, दवाखाना, पूल. पाळी बदलली, माणूस बदलला तरी जागा बदलत नाही.

"नियंत्रण, इथे निवारा दोन. महत्त्वाचा एक, दवाखान्यासाठी."
"निवारा दोन, थांबा. दवाखाना, तयार आहात?"
"दवाखाना तयार."
"दोघेही दोनवर जा, झालं की परत येऊन कळवा."

इतकंच. मुख्य चॅनेल लगेच मोकळं झालं. कुणाला मध्येच जिवावरचं सांगायचं असेल तर "ब्रेक, ब्रेक" म्हणायचं आणि बाकी सगळ्यांनी तिथल्या तिथे गप्प व्हायचं. नेट कंट्रोलच्या शेजारी नोंद ठेवणारा दुसरा माणूस हवा, आणि नेट कंट्रोलचा संच गेला तर नेट कोण उचलणार ते आधीच ठरलेलं हवं. दोन तासांनी माणूस बदला. थकलेला नेट कंट्रोल चिडतो, आणि तो चिडला की लोक निरोप द्यायला कचरतात.

८. तालुक्याबाहेर

डोंगरापलीकडे, शंभर-दोनशे किलोमीटरवर निरोप न्यायचा असेल तर शॉर्टवेव्ह. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल म्हणजे १४३ भागिले ७.१, एकूण २० मीटर तार, मधोमध तोडून केबल जोडलेली. गंमत अशी की इथे उंची नको असते. तार ३ ते ५ मीटरवर बांधली की लहरी जवळपास सरळ वर जातात आणि वातावरणाच्या वरच्या आयनांबर थराला आपटून छत्रीसारख्या आसपासच्या तीनशे-चारशे किलोमीटरांत पडतात. डोंगर आडवा येतच नाही. दिवसा ७, रात्री ३.५ मेगाहर्ट्झ, हा ढोबळ नियम. १४.३००, १८.१६० आणि २१.३६० या फ्रिक्वेन्सी हौशी रेडिओच्या जागतिक संघटनेने आणीबाणीच्या भेटीगाठींसाठी सुचवलेल्या आहेत. तिथे बोलण्याआधी ऐका. विनलिंकसारख्या व्यवस्थेतून शॉर्टवेव्हवर ईमेलही जातो, लांबलचक याद्यांना तो बरा. आवाजाचं काम हाताला बसल्यावर तिकडे वळा.

९. सराव

महिन्यातून एकदा, तासभर. घराचा मेन स्विच बंद, फोन बाजूला. प्रत्येक केंद्राला बंद पाकिटात एक निरोप द्या, तो मधल्या एका केंद्रामार्फत शेवटपर्यंत पोचवायचा. संपल्यावर पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवून चुकलेले शब्द मोजा. कोण छान बोललं याची चर्चा नको, चुका किती तेवढं लिहून ठेवा. आमच्या पहिल्या खेपेला बारापैकी चारच निरोप जसेच्या तसे पोचले होते. दर तिसरा सराव रात्री घ्या, आणि एक तरी भर पावसात.

पावसातल्या सरावात आणखी एक गोष्ट कळते. बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही. प्रत्येक संचाला सुतळीने एक शिसपेन्सिल बांधून ठेवा, दोन्ही टोकांना तासलेली.